तक्रारी शून्य, म्हणजे कॉलेज सुरक्षित का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्स झाली. सीईटीचा निकाल लागला आहे, आता ऑप्शन फॉर्म भरायचा आहे. आम्ही परतूरला राहतो. यादीत छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि पुण्यातली कॉलेजं आहेत. कटऑफ, फी, प्लेसमेंट सगळं मोबाईलवर सापडतं. पण कोणत्या कॉलेजात मुली सुरक्षित आहेत, तिथे मागच्या काही वर्षांत काय काय घडलं, याचे आकडे कुठेच दिसत नाहीत. असे आकडे असतात का? नसतील तर पालकांनी नेमकं काय पाहायचं? घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, कशाला लांब पाठवता, इथेच बीएस्सीला टाका. आणि जमलं तर हेही सांगा : रेल्वेने अपडाऊन बरं की होस्टेल?
– एक पालक, परतूर

उत्तर : तुम्ही शोधताय तसे आकडे आपल्याकडे प्रसिद्ध होत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल राज्यांचे आणि मोठ्या शहरांचे आकडे देतो, एकेका कॉलेजचे नाही. कॉलेजने आपल्या आवारात काय घडलं ते पालकांसाठी दरवर्षी जाहीर करावं, असा कायदाही आपल्या देशात नाही.

अमेरिकेत आहे, आणि तो तुमच्यासारख्याच एका घरातून आला. एप्रिल १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या मुलीचा तिच्या वसतिगृहाच्या खोलीत अत्याचार करून खून झाला. मारणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आपोआप बंद होणारी दारं कुणीतरी अडकण लावून उघडी ठेवली होती. त्या आवारात आधीच्या काही वर्षांत किती हिंसक प्रकार घडले होते, हे तिच्या आईवडिलांना मुलगी गेल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर तिथे पाठवलंच नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या तिथल्या प्रत्येक कॉलेजला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांच्या गुन्ह्यांचा अहवाल जाहीर करावा लागतो.

असा कायदा आपल्याकडेही व्हावा, असं मला मनापासून वाटतं. पण तो झाला तरी आकडे वाचायचे कसे, हा प्रश्न उरतोच. ज्या कॉलेजात मुलगी निर्धास्तपणे तक्रार करू शकते, तिथे आकडा मोठा दिसतो. जिथे तक्रार केली की तिलाच बोल लावले जातात, तिथे शून्य दिसतो. म्हणून शून्य पाहून मन निश्चिंत करू नका. प्रवेशाच्या चौकशीला गेल्यावर ‘आमच्याकडे असलं काही होतच नाही’ हे वाक्य ऐकू आलं तर पुढचा प्रश्न विचारा. हजारो तरुण मुलंमुली जिथे रोज एकत्र येतात, तिथे वर्षानुवर्षं काहीच घडत नाही हे पटण्यासारखं नाही. त्याउलट एखाद्या प्राचार्यांनी सांगितलं, ‘गेल्या वर्षी दोन तक्रारी आल्या, चौकशी झाली, एकाला निलंबित केलं,’ तर मी पालक म्हणून त्या कॉलेजचं नाव यादीत वर नेईन.

तेव्हा पाहायचं ते हे : इथे काही घडलं तर ऐकून घेणारं आणि हालचाल करणारं माणूस आहे का. बाकी सगळं त्यानंतर.

ते तपासायला कायद्याचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समित्या आल्या, २०१३ मध्ये कायदा झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी विद्यार्थिनींच्या तक्रारीही त्यात स्पष्टपणे आणल्या. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. तिची अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असते, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा, सामाजिक काम करणारा असावा लागतो. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधीही समितीत बसतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची. किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती ९० दिवसांच्या वर रखडल्या, याचा वार्षिक अहवालही समितीला द्यावा लागतो.

म्हणजे पालकांसाठी आकडे छापले जात नसले तरी ते कागदावर असतात. कॉलेजच्या कार्यालयात तो अहवाल मागा. शासकीय किंवा अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकारात अर्ज करून तक्रारींची संख्या मागता येते. संबंधितांची नावं मिळणार नाहीत, आणि मिळूही नयेत. मात्र अर्जाला उत्तर यायला ३० दिवस लागू शकतात आणि तुमच्या कॅप राऊंडला तेवढी सवड नसेल. मग याहून सोपा उपाय करा. मुलीला घेऊन कॉलेज चालू असलेल्या दिवशी जा, कँटीनपाशी किंवा मुलींच्या कॉमन रूमबाहेर सेकंड इयरच्या दोन-तीन मुलींना गाठा आणि विचारा : तक्रार करायची झाली तर कुणाकडे जाल? त्यांनी एखाद्या मॅडमचं नाव चटकन घेतलं तर समिती खरोखर काम करते असं समजा. त्या एकमेकींकडे पाहू लागल्या तर भिंतीवरच्या फलकाला फारसा अर्थ नाही. हा प्रश्न तुमच्या मुलीने एकटीने विचारावा. पालक समोर उभे असले की मुली मोकळ्या बोलत नाहीत.

रॅगिंगचंही असंच. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्याला काढून टाकतात आणि पाच वर्षं त्याला दुसऱ्या कुठल्याच संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. त्याने कानाडोळा केला तर तोही गुन्ह्याला साथ देणारा मानला जातो. ही शेवटची तरतूद पालकांनी लक्षात ठेवावी, प्राचार्यांच्या केबिनमध्ये ती उपयोगी पडते. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन कचरू हा विद्यार्थी सीनियर मुलांच्या मारहाणीत गेला. त्याच वर्षी अनुदान आयोगाचे कडक नियम आले आणि १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाईन सुरू झाली. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि मुलगी दोघं जे रॅगिंगविरोधी हमीपत्र भरता, तेही याच नियमांमुळे. ते घाईघाईत भरून टाकू नका, वाचा.

आपल्या भागातून मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या मुलांसाठी इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी तडवी समाजाच्या. सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, तिघींना अटक झाली. पायल यांच्या आईने, हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आईसोबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि कॉलेजांमधल्या जातीय भेदभावाचा प्रश्न देशासमोर आणला. बोलीवरून, गावावरून, जातीवरून, आरक्षणाच्या जागेवरून मारले जाणारे टोमणे हेही असुरक्षितताच आहे. त्यांनी माणूस आतून खचत जातो आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. कॉलेजात समान संधी कक्ष आहे का आणि तो कोण पाहतं, हे जरूर विचारा. मराठवाड्यातून गेलेली आधीची मुलं तिथे असतील, त्यांच्याशी बोला. जालना किंवा परभणीकडची एखादी सीनियर मुलगी अर्ध्या तासात जे सांगेल, ते माहितीपुस्तिकेत सापडणार नाही.

आता भिंती आणि कॅमेरे. अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत उंच कुंपण, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक हजेरी असं बरंच आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी आयोगाच्याच ‘सक्षम’ अहवालाने बजावलं होतं की सुरक्षेचं कारण सांगून मुलींवर मुलांपेक्षा जास्त बंधनं घालू नयेत. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. संध्याकाळी साडेसातला मुलींच्या होस्टेलचं फाटक बंद आणि मुलांच्या होस्टेलला रात्री अकरापर्यंत मोकळीक, असा नियम असेल तर लायब्ररी आणि प्रयोगशाळा मुलींना बंद होतात. शिवाय साडेसातनंतर एखादी अडकली तर बोलणी खाण्याच्या भीतीने ती वॉर्डनला फोन न करता कुठेतरी थांबते. अशा वेळी तो नियमच तिला अडचणीत टाकतो.

आणि धोका फाटकाबाहेरूनच येतो असंही नाही. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या सावित्रीदेवी फुले या शासकीय वसतिगृहात १८ वर्षांच्या विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशय वसतिगृहातच पहाऱ्याला असलेल्या माणसावर होता. त्याचा मृतदेह नंतर रेल्वे रुळांवर सापडला. सुट्टीमुळे वसतिगृह बरंचसं रिकामं होतं आणि ती वरच्या मजल्यावर एकटी राहत होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी घास गिळला नसेल. त्या घटनेतून मी चार प्रश्न घेतले आणि होस्टेल पाहायला जाणाऱ्या प्रत्येक पालकाला ते सांगतो. मे-जूनमध्ये, दिवाळीत, परीक्षा संपल्यानंतर मागे राहिलेल्या मुलींना एकाच मजल्यावर एकत्र आणतात का? रात्री महिला कर्मचारी आत मुक्कामाला असते का, की रेक्टर फक्त दिवसा येतात? मजल्यांवर पुरुष कर्मचारी कधी आणि कुणासोबत जातात? खोल्यांच्या जादा किल्ल्या कुणाच्या ताब्यात असतात? प्रश्न आवडले नाहीत असं रेक्टरच्या चेहऱ्यावर दिसलं तर त्याचीही नोंद घ्या. चांगला रेक्टर अशा पालकांना बसवून घेतो आणि सविस्तर सांगतो.

कॉलेजच्या फाटकापर्यंतचा रस्ता कॉलेजच्या माहितीत कधीच नसतो, आणि तिथेच बरंच काही घडतं. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटमध्ये एक तरुण प्राध्यापिका बसमधून उतरून कॉलेजकडे चालत निघाली होती. तिच्याच गावच्या, तिचा पाठलाग करणाऱ्या माणसाने भर रस्त्यात तिला पेटवलं. आठवड्याने ती गेली. दोन वर्षांनी त्याला जन्मठेप झाली. कॉलेजची भिंत तिथून फार लांब नव्हती. म्हणून स्टँडपासून किंवा स्टेशनपासून कॉलेजपर्यंत आणि कॉलेजपासून होस्टेलपर्यंत एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी सातनंतर स्वतः चालत जा. दिवे लागतात का, दुकानं उघडी असतात का, शेअर रिक्षा मिळते का, नाक्यावर कोण उभं असतं, हे डोळ्यांनी पाहा. छत्रपती संभाजीनगरात पोलिसांचं दामिनी पथक आहे. ते त्या भागात फिरतं का, हे तिथला टपरीवालाही सांगेल.

कॉट बेसिसवर किंवा पीजीमध्ये ठेवणार असाल तर आगीचा विचार विसरू नका. मे २०१९ मध्ये सुरतच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर चालणाऱ्या क्लासला आग लागून २२ मुलं गेली. धुराने जिना बंद झाल्यावर काहींनी खाली उड्या टाकल्या. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांच्या मालकाने आगीची यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. ते मागायला संकोच नको. दुसरा जिना आहे का, आणि खिडक्यांच्या गजांमुळे बाहेर पडायची वाट बंद होते का, एवढं तर नुसत्या नजरेनेही कळतं.

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना काय सांगायचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांची काळजी खोटी नाही. मुलीला जो विषय शिकायचा आहे तो परतुरात चांगला शिकवला जात असेल तर तिथे जरूर घाला. गावातलं कॉलेज म्हणजे कमी, असं मी म्हणणार नाही. पण सुरक्षिततेसाठी गावात, हे गणित मला पटत नाही. १९९० मध्ये उल्हासनगरात रिंकू पाटील ही मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली होती. तिच्याच गावात, परीक्षेच्या वर्गात, सगळ्यांसमोर तिला जाळण्यात आलं. मागे लागलेला माणूस ओळखीचाच होता. अंतर कमी केल्याने धोका कमी होतोच असं नाही.

आणि मुलीला घराजवळ ठेवण्याची आपल्या भागात एक वेगळी किंमत मोजावी लागते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. शेजारच्या परभणी जिल्ह्यात हेच प्रमाण ४८ टक्के, आणि आपला जालना जिल्हाही राज्याच्या सरासरीच्या बराच वर आहे. ‘दिवस चांगले नाहीत’ असं म्हणत किती मुलींचं शिक्षण थांबलं आणि लगेच स्थळं पाहिली गेली, हे तुम्हीही गावात पाहिलं असेल. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास कुटुंबांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारने पूर्ण माफ केलं आहे. फीची अडचण हलकी झाली असताना भीतीपोटी मुलगी मागे राहिली तर फार वाईट वाटेल.

या सगळ्यात एक काम फक्त तुम्हीच करू शकता, आणि ते प्रवेशाआधी करायचं आहे. बाहेर शिकणाऱ्या मुलींना त्रास झाला तर त्यातल्या कित्येकजणी घरी सांगत नाहीत. का, तर सांगितलं की पहिलं वाक्य ऐकावं लागेल, ‘बॅग भर आणि ये घरी.’ शिक्षण बंद होण्यापेक्षा त्रास सोसलेला बरा, असं त्या ठरवतात. छळणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असतं. म्हणून मुलीला आजच, आईसमोर आणि आजी-आजोबांसमोर, स्पष्ट सांगा की काहीही झालं तरी तिचं शिक्षण थांबणार नाही, आणि तिने फोन केला तर तुम्ही पहिल्या गाडीने निघून याल. मग त्याबरोबर तिला हेही माहीत करून द्या : मुलीच्या मागे लागणं, फोनवर-मोबाईलवर पिच्छा पुरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. आणि घटना कुठल्याही शहरात घडली तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. म्हणजे पुण्यात काही झालं आणि मुलगी घाबरून घरी आली, तरी परतूरच्या ठाण्यात तक्रार घेतलीच पाहिजे. ती शून्य क्रमांकाने नोंदवून तिकडे पाठवतात. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, आणि मन फारच खचलं असेल तर बोलायला टेलिमानसचा १४४१६. हे तिच्या मोबाईलमध्ये तुमच्यासमोर साठवून घ्या.

राहिला अपडाऊनचा प्रश्न. जालन्यात प्रवेश मिळाला तर मी अपडाऊनच सुचवेन. परतूरहून जालना जवळ आहे, सोबतीला गावातल्या मुलींचा घोळका असतो, आणि एखादी गाडी चुकली तर एसटी आहे. छत्रपती संभाजीनगर मात्र रेल्वेने शंभर किलोमीटरच्या वर पडतं. मराठवाडा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारी मुलं आहेत, हे खरं. पण इंजिनीअरिंग किंवा फार्मसीची प्रॅक्टिकल्स उशिरापर्यंत चालतात, गाडी रखडली की रात्री स्टेशनवर एकटीने उतरावं लागतं, आणि दिवसाचे चार-पाच तास प्रवासातच जातात. पहिल्या वर्षी तरी तिथे कॉलेजच्या आवारातलं होस्टेल घ्या. पुण्याला आणि नांदेडलाही तेच. होस्टेलचा अर्ज प्रवेशापेक्षा वेगळा असतो आणि जागा लवकर संपतात, म्हणून जागावाटप लागल्याच्या दिवशीच तो भरा. जागा नाही मिळाली तर सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहाला अर्ज करा. बाहेर खोली घ्यावीच लागली तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार योजना आहे, इतर मागास, विमुक्त आणि भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आणि मराठा व इतर खुल्या प्रवर्गातल्या पात्र कुटुंबांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाचा दाखला आणि लागेल ते जातीचं प्रमाणपत्र आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा; जून-जुलैत तिथे रांग असते. सुट्टीला ये-जा करताना मुलीने शक्यतो महिलांच्या डब्यात बसावं, आणि गाडीत काही त्रास झाला तर १३९ वर फोन करावा. पुढच्या स्टेशनावर रेल्वे पोलिसांची मदत मागता येते.